फॉस्टर केअरमधून कॉलेजला जाताय? पैशाच्या या चुका टाळा

अमेरिकेत फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आईवडिलांपासून दूर, सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत वाढलेल्या मुलांच्या कॉलेजसाठी पैसा उपलब्ध आहे. तो अनेकदा हातचा जातो एका प्रश्नापायी.

हा प्रश्न फॅफ्साच्या, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागण्याच्या अर्जात असतो: १३ वर्षं पूर्ण झाल्यानंतर कधीही तुम्ही अनाथ, न्यायालयाच्या पालकत्वाखाली किंवा फॉस्टर केअरमध्ये होतात का? ‘मी तर आता मावशीकडे राहते’, ‘मला नंतर दत्तक घेतलं’ असा विचार करून मुलं तिथे खूण करत नाहीत. मग अर्ज पालकांचं उत्पन्न आणि सही मागतो, आणि ज्यांच्याशी संबंधच उरलेला नाही त्यांची सही आणायची कुठून? तेरानंतर थोडेच दिवस केअरमध्ये काढले असले, तरी उत्तर ‘हो’च द्या. तुम्ही स्वतंत्र विद्यार्थी ठरता. जन्मदात्यांचं किंवा फॉस्टर पालकांचं उत्पन्न धरलं जात नाही. चुकीचा अर्ज गेला असेल तर दुरुस्ती करता येते.

कॉलेज पुरावा मागू शकतं. १८ व्या वर्षी किंवा त्यानंतर केअर सोडताना, तिथे किमान सहा महिने राहिलेल्या मुलांना जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि केअरमध्ये असल्याचं अधिकृत पत्र मिळायला हवं. तुमची केस पाहणारा सरकारी कर्मचारी (केसवर्कर) बदलण्याआधी ते मागून घ्या. नंतर त्या एका कागदासाठी किती खेटे घालावे लागतील, सांगता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे फॅफ्सावरच थांबणं. पेल ग्रँट ही परत न करावी लागणारी केंद्र सरकारची मदत (२०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर) त्यातूनच मिळते. पण फॉस्टर केअरमधून आलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी असलेल्या चेफी व्हाउचरचे वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतचे पैसे राज्याकडून येतात आणि अनेक ठिकाणी त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. ते २६ व्या वाढदिवसापर्यंत, एकूण पाच वर्षं घेता येतात. सोळानंतर दत्तक गेलेल्यांनाही त्यासाठी अर्ज करता येतो. निधी मर्यादित असतो, म्हणून अर्ज लवकर करा. टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत सरकारी कॉलेजची फीही माफ होते; अटी मात्र राज्यागणिक वेगळ्या.

फॅफ्सा दरवर्षी नव्याने भरावा लागतो. नापास झालात किंवा बरेच विषय मध्येच सोडलेत, तर मदत थांबू शकते. विषय सोडण्याआधी आर्थिक मदत कार्यालयात विचारा.

आणि फक्त फीचा हिशेब करू नका. हिवाळ्याच्या सुट्टीत बरीच वसतिगृहं बंद होतात. बाकीची मुलं घरी जातात, तुम्ही कुठे जाणार? खोलीच्या करारावर सही करण्याआधीच सुट्टीत राहता येईल का आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का, हे विचारून घ्या. चेफीचे पैसे भाड्यासाठीही वापरता येतात.