अलंकारशास्त्राच्या आवृत्तीचं परीक्षण: गाथा तपासाच

संभाजीनगर काय, नांदेड काय, संस्कृतच्या संशोधक विद्यार्थ्याला मार्गदर्शक काव्यशास्त्राच्या जुन्या ग्रंथाची एखादी नवी आवृत्ती देऊन ‘परीक्षण लिहा’ म्हणाले की निम्मी पानं प्रस्तावनेच्या सारांशातच जातात. प्रस्तावना शेवटी वाचा. आधी हस्तलिखितांची यादी काढा: संकेताक्षर (तळटीपांत पोथीसाठी वापरलेलं अक्षर), लिपी, कुठे खंडित. मग मधलंच एखादं पान घेऊन तळटीपा मोजा. यादीत पाच पोथ्या आणि पाठभेद (मजकुरातले फरक) दोनच पोथ्यांचे असतील, तर उरलेल्या तीन फक्त शोभेला आहेत. ‘इति क्वचित्’ (असं कुठेकुठे) एवढ्यावर भागवणाऱ्या संपादकाचे गुण तिथेच कापा.

जुनी छापील प्रत आधाराला घेतली असेल तर तिची मर्यादा ठाऊक हवी. ‘काव्यमाला’ या ग्रंथमालेच्या १८९१ च्या ‘ध्वन्यालोका’त, म्हणजे आनंदवर्धनाच्या ग्रंथात, ‘लोचन’ हा त्यावरचा टीकाग्रंथ पहिल्या ३ उद्योतांपुरताच (प्रकरणांपुरताच) आहे. चौथ्यावरच्या ‘लोचना’चा पाठ कुठून आला, हे संपादकानं सांगायलाच हवं. काश्मिरी परंपरेच्या ग्रंथात शारदा लिपीतले स आणि म एकमेकांसारखे दिसतात; अर्थ अडला की आधी तिथे शंका घ्या.

खरी परीक्षा प्राकृत उदाहरणांत होते. लेखकूंना (पोथ्या उतरवणाऱ्यांना) प्राकृत कळेनासं झालं, गाथा (प्राकृत श्लोक) बिघडल्या. काही ठिकाणी तर संस्कृत छायेवरून (शब्दशः संस्कृत रूपांतरावरून) उलटी प्राकृत रचलेली आढळते. आपल्या पैठणच्या हालाच्या नावावरच्या ‘गाथासप्तशती’ या संग्रहातली आणि आनंदवर्धनानं उद्धृत केलेली ‘भम धम्मिअ’ ही गाथा घ्या. गोदेकाठच्या झाडीत माजलेल्या सिंहानं कुत्र्याला मारलं, आता खुशाल फिर, असं तिच्यातली नायिका धार्मिकाला सांगते. दुसऱ्या ओळीत ‘गोलाणइकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण’ अशा २७ मात्रा भरतात (शेवटचं ‘ण’ गुरू धरून). ‘णई’ दीर्घ छापलं तर २८ होतात आणि चाल मोडते. मात्रा बोटांवर मोजा, हा दोष लगेच सापडतो.

सप्तशतीत मात्र ‘गोलाअडविअडकुडंग’ असा पाठ मिळतो. त्याच्याही मात्रा बरोबर, म्हणजे छंद इथे निवाडा करत नाही. आनंदवर्धनाच्या ग्रंथात आनंदवर्धनानं उद्धृत केलेलाच पाठ राहायला हवा. सप्तशतीतला आणून मूळ ‘सुधारणं’ ही चूक आहे, भले ती विद्वत्तेसारखी दिसो. दुसरा पाठ तळटीपेत.

अनुवाद तपासायलाही हीच गाथा पुरते. वाच्यार्थ (शब्दांचा सरळ अर्थ) ‘फिर’, व्यंग्यार्थ (सुचवलेला अर्थ, म्हणजेच ध्वनी) ‘इकडे फिरकू नकोस’. अनुवादकानं दुसरा अर्थ कंसात घुसवला, की ज्या ध्वनीसाठी उदाहरण दिलं तोच संपला. तो टिपेत हवा. वृत्तीतल्या (ग्रंथातल्या गद्य विवरणातल्या) चर्चेत उलट नेमकेपणा लागतो: व्यंजना, लक्षणा, तात्पर्य या अर्थविचारातल्या संज्ञांना एका पानावर एक आणि पुढच्या पानावर दुसरा शब्द असेल, तर पूर्वपक्ष (खोडायचं मत) कोणता आणि सिद्धान्त कोणता तेच कळत नाही. अशी तीनचार ठिकाणं पान-ओळीसकट द्या. मुद्रणदोष वेगळे काढा; त्यांच्यावरून संपादकाला झोडपू नका.