वंश, जात, जमात : हा विषय निवडताना

वंश आणि जमात यांचाच अभ्यास करायचा म्हणून विचारपूस करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी हे सांगते, की या नावाची स्वतंत्र पदवी आपल्याकडे सहसा नसते. समाजशास्त्र किंवा मानवशास्त्र घेऊन, ऐच्छिक पेपर आणि प्रकल्प यांतून हा विषय आपला आपण उभा करावा लागतो. मी नाशिकमध्ये राहून समाजशास्त्रात एम.ए. केले, तेही असेच.

सुरुवातीला दोन गोष्टी एकापाठोपाठ वाचाव्यात. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड वंशावर बसवण्याचा प्रयत्न केला. डॉ. आंबेडकरांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात मात्र जातीचे मर्म अंतर्विवाहात, म्हणजे जातीतच लग्न करण्याच्या बंधनात दाखवले. (त्याच निबंधात ज्ञानकोशकार केतकरांच्या मतांचीही चर्चा आहे, हे मराठी विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे.) या वाचनानंतर मी पंचवटीत गेले, तेव्हा 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह माझ्यासाठी केवळ शाळेतल्या धड्यापुरता उरला नव्हता.

खरी कसोटी क्षेत्रकार्यात लागते, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावर, सुपात नागली पाखडत बसलेल्या आजींना मी छापील प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची जात कोणती?" सूप थांबले नाही, त्यांनी फक्त विचारले, "आणि तू कोणाची गं?" जो प्रश्न मी बेधडक विचारला होता, त्याचे उत्तर देताना माझीच जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी प्रश्नावली पिशवीत ठेवून मी सोयरीक कोणत्या कुळांशी जुळते, एवढेच विचारले, आणि आजी दुपारपर्यंत बोलत राहिल्या. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'कोकणा, कोकणी, कुकणा' ही नावे एकाच नोंदीत आहेत; त्या नोंदीमागे कुळे, देव आणि लग्नाचे नियम यांचा केवढा पसारा असतो, हे मला त्या ओसरीवर कळले.

नोकरीविषयी थोडक्यात सांगायचे, तर प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, स्पर्धा परीक्षांना या वाचनाचा उपयोग होतो आणि संशोधन प्रकल्पांवर सर्वेक्षणाची कामे मिळतात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच असल्यामुळे शासकीय योजनांचे कामकाज इथे जवळून पाहता येते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे तालुके एसटीने गाठता येतात, म्हणून पहिल्या वर्षापासूनच एखाद्या पाड्याशी ओळख ठेवावी. पेरणी-कापणीच्या दिवसांत मुलाखती मागू नयेत. वहीच्या पहिल्या पानावर स्वतःची जात, घरची भाषा आणि गाव लिहून ठेवावे. आजींसारखे कोणी विचारले, की तेवढे तरी न अडखळता सांगता येते.