पोस्ट बेसिकच्या फॉर्मआधी नोंदणीची तारीख बघा

पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, म्हणजे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) डिप्लोमानंतरची पदवी, करायचं ठरलं की सगळ्या सिस्टर आधी कॉलेजं शोधायला लागतात. कोणतं जवळ, हॉस्टेल आहे का, फी किती. ते नंतर. आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र कपाटातून काढा आणि त्याची मुदत कधी संपते ते वाचा. नोंदणी एकदा झाली की जन्मभराची असं आपण धरून चालतो. ती दर 5 वर्षांनी नूतनीकरण करायची असते, आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना केलेल्या कार्यशाळांचे, गुण दाखवावे लागतात. ते एका आठवड्यात गोळा होत नाहीत. इन्चार्ज विचारतात, "आज सीएनई आहे, कोण जातंय?" आणि आपण नाईट झालीय म्हणून घरी जाऊन झोपतो. मागच्या वेळी माझा प्रवेश इथेच अडला. यादीत नाव होतं, पण मूळ कागद तपासणाऱ्या बाईंनी नोंदणीचं पान उलटून पाहिलं आणि फाइल परत सरकवली. तेव्हा पुढे सूर चढा लागला तर चालवून घ्या.

मुदत बघितली? मग पुढे वाचा.

तुम्ही एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, असाल तर थेट पोस्ट बेसिक होत नाही. एजंट कितीही गोड बोलला तरी होत नाही. आधी जीएनएम, पूर्ण 3 वर्षं, मग 2 वर्षं पोस्ट बेसिक. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन पुरेसे टक्के असतील तर 4 वर्षांचं बेसिक बीएस्सी हाही रस्ता आहे, त्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, वेगळी. म्हणजे एकीकडे 5 वर्षं, दुसरीकडे 4. हा हिशेब बऱ्याच जणी करतच नाहीत, "आपण एएनएम, म्हणजे आता जीएनएमच" असं धरून बसतात. अर्थात जीएनएम झालं की मधे नोकरी करता येते, पगार सुरू होतो. घर तुमच्यावर चालत असेल तर तोच मुद्दा मोठा ठरतो.

जीएनएम झालेल्यांना पोस्ट बेसिकसाठी बारावी सायन्सच हवी असं नाही, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी उगाच घाबरू नये. बारावी, जीएनएम आणि कौन्सिलची आरएन-आरएम (रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ) नोंदणी हव्या. परत सांगते, चालू नोंदणी. ज्या ब्रदर मंडळींच्या जुन्या अभ्यासक्रमात मिडवाइफरी (बाळंतपणाची सेवा) नव्हती, त्यांना तिच्या बदल्यात तेवढ्याच काळाचं दुसरं मान्य प्रशिक्षण दाखवावं लागतं: ओटी, मानसोपचार, ऑर्थो, कॅन्सर नर्सिंग असं काहीतरी. ते प्रमाणपत्र शोधायला आजच लागा, कारण देणारी संस्था जुनी असेल तर तिथलं रेकॉर्ड काढून घ्यायलाच वेळ जातो.

आता रेग्युलर की इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. रेग्युलर म्हणजे 2 वर्षं पूर्णवेळ कॉलेज. आपल्याकडे बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. मुंबईचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज मात्र एसएनडीटी महिला विद्यापीठाचं. खासगी नोकरीत असाल तर 2 वर्षं पगार बंद, हे गृहीत धरूनच पैशांचं बघा. इग्नूचं किमान 3 वर्षांचं, ते नोकरी सांभाळून करता येतं, पण "घरबसल्या" नाही. स्टडी सेंटरवर हजर राहून प्रॅक्टिकल करावीच लागतात, प्रवेशाला परीक्षा आहे आणि माध्यम इंग्रजी.

इग्नूची अट नीट वाचा, इथे पुष्कळ जणी आपटतात. बारावी आणि जीएनएम असेल तर 2 वर्षांचा अनुभव लागतो. जुन्या पद्धतीने दहावीवर जीएनएम झालेल्यांना 5 वर्षांचा. हा अनुभव आरएन-आरएम नोंदणीनंतरचा धरतात. निकाल लागला, दवाखान्याने लगेच कामावर घेतलं, नोंदणी हातात यायला सात-आठ महिने गेले, तर ते सात-आठ महिने गेलेच. म्हणजे नोंदणीच्या कागदावर तारखा दोन बघायच्या, कधी झाली आणि कधी संपते. पहिली बदलता येत नाही. दुसरी तुमच्या हातात आहे. शिवाय इग्नू सेवेत असलेल्यांसाठी आहे. "आता शिकायचंय" म्हणून आधी राजीनामा टाकून मोकळ्या होऊ नका, राजीनामा दिलात की त्या अटीतूनच बाहेर पडता.

कॉलेज निवडताना नाव, इमारत, बस याला भुलू नका. इंडियन नर्सिंग कौन्सिलची यादी, राज्याच्या कौन्सिलची यादी आणि विद्यापीठाची संलग्नता, तिन्हीकडे कॉलेज आणि त्यातही पोस्ट बेसिक हाच कोर्स त्या वर्षासाठी आहे का ते बघा. एखाद्या कॉलेजला बेसिक बीएस्सीची मान्यता असते आणि पोस्ट बेसिकची नसते. फलकावर दोन्ही लिहिलेलं असतं. 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा झालाय, जुन्या कौन्सिलची जागा आयोगाने घ्यायची आहे, तेव्हा यादी कुणाची आणि कधीची हेही वाचा.

शेजारच्या राज्यात "हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या" असं सांगून पोस्ट बेसिक विकणारे लोक प्रत्येक मोठ्या दवाखान्याच्या गेटबाहेर भेटतात. आपल्याच एखाद्या सिस्टरने तिथून केलेलं असतं, म्हणून आपला विश्वास बसतो. पुढे कौन्सिलमध्ये पदवी चढवायला गेलं की प्रश्न निघतात. रजेचा रेकॉर्ड सांगतो की त्या 2 वर्षांत तुम्ही रोज ड्युटीवर होतात. काय उत्तर देणार? परराज्यात शिकणं चूक नाही, पण खरं शिका. आणि जीएनएमच बाहेरच्या राज्यात झालं असेल, तर तिथल्या कौन्सिलची एनओसी आणून इथे नोंदणी करून घेणं हे काम वर्षभर आधी सुरू करा, फॉर्म सुटल्यावर नव्हे.

नूतनीकरण. विसरलात ना मधेच? सीएनईची प्रमाणपत्रं एका पाकिटात, तारखेच्या क्रमाने. गुण किती झाले ते आत्ता मोजा. कमी पडत असतील तर पुढच्या महिन्यातली कार्यशाळा आजच बघा आणि इन्चार्जना रोस्टर लागायच्या आधी सांगा, लागल्यावर सांगून कुणी ड्युटी बदलून देत नाही. अर्ज केल्याची पावती म्हणजे नूतनीकरण नव्हे. मला वाटलं होतं पावती चालेल. नाही चालली.

बाकी कागद. दहावी, बारावी, जीएनएमच्या सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, टीसी, अधिवास, आधार. मूळ कागद तुमच्याकडेच आहेत का? खासगीत बॉन्डच्या नावाखाली ओरिजिनल ठेवून घेतात, आणि ती मागायला गेलं की मेट्रन रजेवर, एचआर मीटिंगमध्ये. आधीच मागा, लेखी मागा, पोच घ्या. लग्नानंतरचं नाव हा दुसरा घोळ. मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं, नोंदणीवर तिसरंच स्पेलिंग असतं. विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची प्रत दोन्ही ठेवा, आणि कौन्सिलकडचं नाव दुरुस्त करायचं असेल तर ते नूतनीकरणाबरोबरच उरका. राखीव प्रवर्गातून अर्ज असेल तर जात वैधता हवी, नुसता जातीचा दाखला पुरत नाही. नॉन-क्रिमीलेअर लागू असेल तर तेही मुदतीतलं हवं.

सरकारी नोकरीत असाल तर ना हरकत आणि अध्ययन रजा हा वेगळाच डोंगर. अर्ज वॉर्डातून मेट्रनकडे, तिथून वर जातो आणि प्रत्येक टेबलावर थांबतो. सेवेतल्यांसाठी जागा कशा आहेत ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा, मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका. अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, रुजू तारीख, हुद्दा, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. शिक्का पुसट असेल तर परत मारून घ्या.

परीक्षेची तयारी म्हणजे जीएनएमचीच पुस्तकं, आणि वॉर्डात जे रोज करतो त्यामागचं कारण वाचणं. इंग्रजी कच्चं असेल तर तिकडे थोडं जास्त लक्ष. सीईटी कक्षाचं संकेतस्थळ रोज एकदा उघडायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं वेळापत्रक मानायचं नाही. प्राधान्यक्रम भरताना लांबची कॉलेजंही टाका. कागद तपासणीला मूळ प्रती आणि झेरॉक्सचे तीन संच. जायच्या आदल्या दिवशी कौन्सिलच्या कागदाची तारीख पुन्हा बघा, हो, पुन्हा.

प्रवेश मिळाल्यावर फी हप्त्याने चालते का विचारा, महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीचा, अर्ज वेळेत भरा. हॉस्टेल, गणवेश, पांढरे बूट हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षात बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी जड जातात, दुसऱ्यात संशोधन आणि संख्याशास्त्र. त्यासाठी सीनियरच्या वह्या मागून घ्या.

पास झाल्यावर पदवी कौन्सिलमध्ये अतिरिक्त पात्रता म्हणून चढवा, नोकरीत असाल तर सेवापुस्तकातही नोंद करून घ्या. एमएस्सीला 1 वर्षाचा अनुभव लागतो, पोस्ट बेसिकवाल्यांना आधीचाही चालतो, तेव्हा जुना दाखला फेकू नका.