शेजारी युद्ध पेटलं की छोटा देश काय करतो, हे बातम्यांतून कसं ओळखायचं

माझी भाची एमपीएससी करतेय, दादरला अभ्यासिकेत बसते. परवा म्हणाली, मामा, फिनलंड नाटोत (अमेरिका-युरोपच्या लष्करी गटात) कधी गेलं ते पाठ आहे पण का गेलं ते लिहिताच येत नाही. तिला जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

आधी मॅप उघडा आणि बॉर्डर बघा. फिनलंडची रशियाशी साधारण 1340 किमी बॉर्डर आहे, इतकी वर्षं ते कुठल्याच लष्करी गटात नव्हते, फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि मे महिन्यात स्वीडनबरोबर अर्ज टाकला, 4 एप्रिल 2023 ला मेंबर झाले पण. पण "घाबरून गेले" एवढंच लिहू नका हां. पोरांना सक्तीची लष्करी सेवा त्यांनी कधी बंदच केली नव्हती, शहरांखाली बंकर आधीपासून तयार. म्हणजे निर्णय नवा, तयारी जुनी.

मग भाषणं सोडा आणि वायर बघा, म्हणजे वीज आणि गॅस कुठून येतो ते. हे खरंच महत्त्वाचं आहे आणि पेपरात कुठेतरी आतल्या पानावर येतं. मुंबईतला 12 ऑक्टोबर 2020 आठवतोय ना, ग्रीड (विजेचं जाळं) फेल झालं, लोकल जागच्या जागी उभ्या, लोक रुळांवरून चालत स्टेशन गाठत होते, बिल्डिंगची लिफ्ट बंद, पंपच बंद म्हणून वर पाणी नाही. आता विचार करा की हे बटण अशा देशाच्या हातात आहे ज्याची तुम्हाला भीती वाटते. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियाचं हेच होतं, सोव्हिएत काळापासून त्यांच्या ग्रीडची फ्रिक्वेन्सी (विजेचा ताल, जो सगळ्या जाळ्यात सारखा ठेवावा लागतो) मॉस्कोहून सांभाळली जायची. 8 फेब्रुवारी 2025 ला त्यांनी ते कनेक्शन तोडलं, एक दिवस स्वतःच्या जिवावर चालवलं आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या ग्रीडला जोडले गेले. गॅसचंही तसंच, लिथुआनियाने क्लायपेडा बंदरात 2014 लाच एलएनजीचं (जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसचं) तरंगतं टर्मिनल आणून ठेवलं होतं म्हणून एप्रिल 2022 मध्ये रशियन गॅस घेणं थांबवता आलं.

त्यानंतर त्या देशाची राज्यघटना बघा. युक्रेनशेजारच्या मोल्दोवाच्या 1994 च्या घटनेतच तटस्थता लिहिलीय, वर ट्रान्सनिस्ट्रियात (मोल्दोवातून फुटून निघालेल्या पट्ट्यात) रशियन सैनिक बसलेत, म्हणून नाटो नाही पण मार्च 2022 मध्ये युरोपियन युनियनला अर्ज.

आणि खुर्चीत कोण आहे ते विसरू नका. जॉर्जियाने तर 2008 मध्ये स्वतः रशियाशी युद्ध भोगलंय, मोल्दोवाबरोबरच अर्ज केला होता, तरी नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या सरकारने सांगून टाकलं की 2028 पर्यंत युनियनमध्ये जायच्या वाटाघाटी विषयावरच घेणार नाही, आणि त्याच रात्री राजधानी त्बिलिसीत लोक रस्त्यावर उतरले. भाचीला सांगितलं, फिनलंडच्या उत्तरात जॉर्जियाच्या दोन ओळी टाकच.