आश्विनातील कोकण: दगड, भरती आणि मित्रांची घरे

कोकणची मोटारसफर बहुतेक लोक मे महिन्यात किंवा नाताळात करतात. परंतु दगड पाहणे आणि मित्रांच्या घरी उतरणे हे दोन हेतू असतील, तर दसरा ते दिवाळी हा काळ निवडावा. सड्यावरचे, म्हणजे उघड्या कातळपठारावरचे, गवत या दिवसांत पिवळे पडून कातळ मोकळा होऊ लागतो, आणि 31 जुलैला मासेमारीबंदी संपलेली असल्याने बाजारात ताजी मासळी असते. ऊन मात्र चांगलेच भाजते. त्यामुळे सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतरच बाहेर पडावे, मधला वेळ जेवणाला व प्रवासाला द्यावा.

तारखा ठरवण्यापूर्वी मित्राला एकच प्रश्न विचारावा: कापणी कधी आहे? हेच दिवस भातकापणीचे असतात. एका वर्षी आम्ही न कळवता राजापूरजवळच्या मित्राकडे पोहोचलो, तेव्हा घराला कडी होती आणि सगळे कुटुंब शेतात होते. त्याच्या वडिलांनी आमचे स्वागत हातातला विळा पुढे करून केले, आणि ते योग्यच होते. त्यानंतर आम्ही एक दिवस पेंढ्या वाहण्यासाठी राखून ठेवतो.

दुसरे वेळापत्रक समुद्राचे. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली असता भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, तशी ओहोटीही खूप आत जाते आणि ती साधारण पहाटे व संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. एरवी पाण्याखाली राहणारे खडक तेव्हाच दिसतात. म्हणून कोजागरीचे दूध मित्राच्या अंगणात घ्यावे आणि पहाटे थेट किनारा गाठावा. अष्टमीच्या भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या, भरतीत पाणी फारसे मागे हटत नाही. अचूक वेळ मात्र छापील तक्त्यात किंवा गावातल्या कोळ्याकडूनच पडताळून घ्यावी.

रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे धरावा. मुंबई-गोवा महामार्ग टाळून हरिहरेश्वर गाठावे आणि पुढे बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडत गेल्यास फार मोठे वळसे वाचतात. गाडी बोटीत चढते, पण शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवावी.

हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्या उतरल्या की खाऱ्या पाण्याने आणि लाटांनी कोरलेला, मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेला खडक लागतो. भरतीच्या वेळी ही वाट धोकादायक असते, तेव्हा तिथे घाई करू नये. किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा घट्ट होऊन बनलेला दगड दिसतो. त्याला करळ म्हणतात. गळून पडलेल्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब पिळले तर बारीक बुडबुडे येतात, कारण शिंपल्यात चुना असतो. बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकावर, तसे होत नाही. (कोकमाच्या आगळाने हा प्रयोग करू नये, ते सोलकढीसाठी आहे.)

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरची काळी वाळू पाहताना लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवावे. मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण झटकन काटे उभारल्यासारखे चिकटतात. इल्मेनाइट हे दुसरे काळे खनिज मात्र जेमतेम ओढला जातो. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढले की कण जिथल्या तिथे गळून पडतात. नुसतेच चुंबक वाळूत घातले, तर ते पुढे आठवडाभर पुसत बसावे लागते.

वरच्या सड्यांवरचा जांभा हा पावसाने सिलिका धुऊन नेल्यावर उरलेला, लोह व अॅल्युमिनियमने समृद्ध खडक आहे. खाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो आणि उघड्यावर कडक होतो. याच कातळावर उक्षी, कशेळी, बारसू येथे कातळशिल्पे, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रे, आहेत. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीच्या अवाढव्य हत्तीच्या अंगात कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत, पण भर दुपारी ते दिसतच नाहीत. तिरपे ऊन पडले की रेघांत सावली साचते आणि चित्र उमटते. रेघांवर पाय देऊ नये, त्यांत खडू भरू नये, आणि सडा बहुधा कोणाच्या तरी मालकीचा असल्याने आधी विचारावे.

देवगड मागे टाकून मालवण-वेंगुर्ल्याकडे उतरले की सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट विरळ होतो आणि त्याहून फार जुने खडक सुरू होतात. ओढ्यात पांढऱ्या गारगोट्या सापडतात. दोन गारगोट्या अंधाऱ्या खोलीत एकमेकींवर घासल्या की आतून उजेड चमकतो. मित्राच्या मुलांना याहून मोठी भेट लागत नाही. गोळा करणे एवढ्यापुरतेच, खिशात मावेल इतके ठेवावे. किनाऱ्यावरची वाळू, किल्ल्यांचे दगड आणि कातळशिल्पांच्या परिसरातले काहीही उचलू नये.

जेवणाबाबत सल्ला थोडका आहे: हॉटेलात कोंबडी-वडे कधीही मिळतील, घरी मात्र कुळथाची पिठी, घावणे आणि तव्यावरचा बांगडा मागून घ्यावा. तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, याच दिवसांत मिळतात, त्यामुळे धोंडास (काकडीचा गोड केक) करणार का, असे निःसंकोच विचारावे. मुक्काम दिवाळीपर्यंत लांबला, तर सिंधुदुर्गातला चावदिस, म्हणजे नरकचतुर्दशी, चुकवू नये. पहाटेच्या अंघोळीनंतर तुळशीपुढे पायाने कारीट फोडतात, आणि मग नव्या भाताच्या पोह्यांचे नाना प्रकार पुढे येतात: गुळाचे, दुधाचे, दह्याचे, तिखट, आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. एका घरचे खाऊन थांबता येत नाही, शेजारीही बोलावतात. म्हणून पहिल्या घरी वाटी लहानच घ्यावी.

परतताना डिकी भरायची ती मित्राची आई भरते. गारगोट्या कागदात गुंडाळून तळाशी, त्यावर नारळ आणि तांदळाची पिशवी. आगळाची बाटली मात्र पुढच्या सीटपाशी, उभी आणि बूच घट्ट लावून.