ऑफिसच्या एसी डक्टची साफसफाई: आधी मशीन लावा, मग ब्रश घाला

नाशकात हे काम काढायचं तर पावसाळा सरल्यावर काढा, नोव्हेंबर ते जानेवारी, कारण थंडीत एसी तसाही फारसा चालत नाही आणि चार महिन्यांच्या ओलीने डक्टमध्ये, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यात, बुरशी धरली असेल तर ती तेव्हा लगेच दिसते. द्वारका, मुंबई नाका अशा हायवेकडेच्या ऑफिसात फ्रेश एअरच्या, म्हणजे बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीवर नुसतं बोट फिरवून बघा, बोट काळं होतं.

आता मेन मुद्दा. बरेच जण ब्रश घेऊन येतात, ग्रिल काढतात आणि घासायला सुरुवात करतात, मग ती सगळी धूळ जाते कुठे, तर सोमवारी लोकांच्या टेबलावर आणि नाकात. ब्रश आत घालायच्या आधी डक्टला निगेटिव्ह एअर मशीन लागलंच पाहिजे, म्हणजे मोठा व्हॅक्यूम जो आतली हवा सतत ओढत राहतो, आणि त्याला हेपा फिल्टर हवा, जो ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. ज्या भागात काम चालू नाही तिथले ग्रिल प्लास्टिकने बंद करायचे, नायतर ओढ लागतच नाही. मशीन लावल्यावर उघड्या ग्रिलपाशी टिश्यू पेपर धरा, आत खेचला गेला तरच पुढे जा.

एसीचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा. स्मोक डिटेक्टर झाका, पण फायर अलार्म बघणाऱ्याला आधी सांगून. व्हॉल्युम डँपरचं, म्हणजे कुठे किती हवा जाईल ते ठरवणाऱ्या झडपेचं हँडल जिथे आहे तिथे मार्करने खूण करून ठेवा, हे कोणी करत नाही आणि नंतर एक केबिन गार, दुसरी गरम अशी बोंब होते.

साफ करायचं ते हवेच्या दिशेने, आधी रिटर्न (खोलीतली हवा परत नेणारा डक्ट), मग एएचयू (हवा गार करून पुढे ढकलणारं मोठं युनिट), मग सप्लाय (गार हवा खोलीत आणणारा डक्ट). एएचयूवर घाई नको. कॉइलच्या, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या पात्या उभ्या असतील तर ब्रशही उभाच फिरवा, आडवा फिरवला की त्या वाकतात आणि हवा अडते. खालचा ड्रेन ट्रे बघा, पाणी साचून चिकट थर आला असेल तर बुरशीचं मूळ तिथेच आहे, ट्रॅप (निचऱ्याच्या पाइपाचा वाकडा भाग) मोकळा करा आणि बादलीभर पाणी ओतून निचरा होतोय का बघा. हे न करता डक्टमध्ये नुसतं फॉगिंग, म्हणजे औषधाचा धूर मारणं म्हणजे पैसे वाया, धुळीच्या थरावर औषध मारून आतला पत्रा साफ होत नाही.

डक्टच्या आतून ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन) लावलेलं असेल आणि ते भिजून बुरशी लागली असेल तर ते धुवून होत नाही, काढून नवीनच लावावं लागतं. फ्लेक्झिबल डक्टही ब्रशने फाटतो, खूप घाण असेल तर बदलून टाका, स्वस्त पडतं.

ब्रश आत घालायला डक्टचा पत्रा कापून जिथे जिथे झाकण केलं तिथे त्याच गेजचा (जाडीचा) पत्रा, गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) आणि वरून इन्सुलेशन परत लागलं पाहिजे, नायतर उन्हाळ्यात तिथून पाणी टपकून सीलिंगवर डाग पडतात. फायर डँपर, म्हणजे आग लागली की डक्ट बंद करणारी झडप, उघडा आहे का बघा, नवीन फिल्टर सगळ्यात शेवटी टाका.

पैसे पूर्ण देऊ नका. कॅमेऱ्याचे आधीचे-नंतरचे फोटो एकाच जागेचे मागा, आणि डिटेक्टरवरचं प्लास्टिक निघालंय का ते शिडी लावून एकेक बघा, मगच शेवटचं बिल काढा.