जुन्या इंग्रजी काव्यातील कीर्ती आणि राजगुण कसे वाचावेत

जुनी इंग्रजी वीरकाव्ये वाचताना लक्ष तलवारीवर न ठेवता आधी दानावर ठेवावे. बेओवुल्फ या वीराची कथा सांगणाऱ्या ३१८२ ओळींच्या ‘बेओवुल्फ’ या काव्यात नायकाच्या मोठ्या झुंजी तीनच आहेत, कोणी कोणाला काय दिले, याचे उल्लेख मात्र जागोजागी आहेत. विसाव्या ओळीपासूनच कवी सांगतो की राजपुत्राने वडिलांच्या छत्राखाली असतानाच सढळ हाताने द्यावे, म्हणजे पुढे वय झाल्यावर युद्ध उभे राहिले तर सोबती पाठ दाखवणार नाहीत. या काव्यातील राजधर्माची किल्ली इथे आहे, म्हणून त्या ओळींवर खूण करूनच पुढे जावे.

त्यानंतर दोन शब्द ओळखीचे करून घ्यावेत. ‘लोफ’ म्हणजे लोकांनी केलेली स्तुती. ‘डोम’ म्हणजे निवाडा आणि त्या निवाड्यातून उरणारे नाव. दोन्ही गोष्टी दुसऱ्यांच्या हाती असतात. त्यामुळे स्तुती आली की ती कोण करतो आहे, दरबारातला कवी, राजा की स्वतः वीरच, हे दर वेळी पाहावे.

दानाची एक छोटी नोंदवही ठेवली तर पुष्कळ उलगडते. ग्रेन्डेल या राक्षसाच्या वधानंतर डेन लोकांचा राजा ह्रोथगार नायकाला सोनेरी निशाण, शिरस्त्राण, चिलखत, तलवार आणि आठ घोडे देतो. मायदेशी परतल्यावर बेओवुल्फ यातले बरेचसे आपला राजा हिगेलाक याला अर्पण करतो, तीन घोडे राणीला देतो, आणि राजाकडून त्याला जमीन व वाडा मिळतो. मिळालेली वस्तू अशी पुढे सरकत राहते, तेव्हाच तिचा मान होतो. याच्या उलट टोकाला डेन लोकांचा जुना राजा हेरेमोड आहे. त्याने आपल्याच पंक्तीतल्या सोबत्यांना मारले आणि कोणाला दानाची सोन्याची कडी दिली नाहीत. ह्रोथगारच्या दीर्घ उपदेशात (ओळी १७०० ते १७८४) त्याचे उदाहरण येते; हा भाग कंटाळवाणा समजून अनेक जण वगळतात, ती चूक करू नये.

इ. स. ९९१ मध्ये व्हायकिंगांशी झालेल्या लढाईवरील ‘माल्डनची लढाई’ ही कविता यानंतर वाचावी. शत्रूला खाडी ओलांडू देणाऱ्या बिर्थनोथ या इंग्रज सेनानायकाबद्दल कवी ‘ओव्हरमोड’ हा शब्द वापरतो. तो अतिगर्व की असामान्य धैर्य, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझ्या मते त्यात दोषाची छटा आहे, तरीही त्याच्यासाठी मरणाऱ्या अनुचरांचा मान तिने कमी होत नाही. मालकाच्याच घोड्यावरून पळणारा गोड्रिक मात्र कायमचा कलंकित होतो.

‘बेओवुल्फ’चा शेवटचा शब्द ‘लोफ्योर्नोस्ट’, म्हणजे कीर्तीसाठी सर्वांत आतुर, हा सर्वांत शेवटी तपासावा. त्याच्या आधी, पुढे राजा झालेल्या बेओवुल्फला सौम्य, दयाळू आणि प्रजावत्सल म्हटले आहे. परंतु त्या काळच्या धार्मिक गद्यात हाच शब्द स्तुतिलोलुप माणसासाठी वापरला गेला आहे. अर्थ ठरवताना नोंदवहीतली अखेरची नोंद समोर ठेवावी: आपल्या लोकांसाठी ड्रॅगनचा खजिना मिळवता आला म्हणून मरता मरता बेओवुल्फ देवाचे आभार मानतो, आणि ते लोक तो सगळा त्याच्यासोबत पुरून टाकतात, जिथे तो पूर्वीइतकाच निरुपयोगी पडून राहतो.